शून्य लिहिलेल्या विहिरी

माझी बायको शशिकला गेल्याची बातमी तिच्या केंद्रात सव्वादहाला पोचली आणि केंद्रातून पहिला फोन दहा वीसला आला. मधली पाच मिनिटं त्यांनी शोक केला असणार.

फोन डॉक्टर तेजस कुडाळकरांचा होता. डॉक्टर म्हणजे गोळ्या देणारे नव्हेत, खडकांचा अभ्यास केलेले. आवाज जड करून म्हणाले की काका, फार वाईट झालं, विश्वासच बसत नाही. मी म्हटलं, माझाही बसत नाही.

"काका, ही वेळ नाही, मला कळतंय. पण बाईंनी पासवर्ड कुठं लिहून ठेवलाय का?"

ती तेव्हा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली होती. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, समोर बायका. मी फोन कानाला लावून दारात उभा राहिलो आणि तिच्याकडे बघितलं. एरवी असा प्रश्न आला असता तर आतून ओरडून तिनं उत्तर दिलं असतं.

मी कुडाळकरांना काय सांगितलं ते शेवटी सांगतो. आधी फेलोशिपचं सांगायला हवं, नाहीतर त्या उत्तरात काही अर्थ लागायचा नाही.

मी मल्लिनाथ हत्तुरे. सोलापूरला एस.टी.च्या वर्कशॉपात चौतीस वर्षं इंजिनं उघडली आणि परत बसवली. शशिकला भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात तांत्रिक सहायक होती. जिल्ह्यातल्या दोनशे चौदा विहिरींवर केंद्राची माणसं होती. गावातलाच कुणी तरी, निरीक्षक म्हणायचे त्याला. दर महिन्याला विहिरीत टेप सोडायची, जमिनीपासून पाणी किती मीटर खोल आहे ते बघायचं आणि कार्डावर लिहून पाठवायचं. या कार्डांवरून कुठल्या गावाचं पाणी वर आलं आणि कुठल्या गावाचं खाली गेलं ते सांगणारा प्रोग्राम शशिकलानं लिहिला होता. एकटीनं, कुणी न शिकवता, पुस्तकं आणून. अकरा वर्षं सगळं केंद्र त्यावर चाललं होतं. त्यावर शोधनिबंध निघाले, दोघांच्या पीएच.डी. झाल्या, आणि संचालक देवस्थळी सरांना दिल्लीत एक पदक मिळालं. निबंधांच्या शेवटी आभारात ड्रायव्हरचं नाव असायचं. हिचं नसायचं. ड्रायव्हर निदान बाहेर तरी जायचा, असा विचार त्यामागे असावा.

बावन्नाव्या वर्षी तिनं कुठल्याशा फेलोशिपला अर्ज केला. संशोधनासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लोकांची फेलोशिप, बंगळूरची. नऊ महिने, दर शनिवारी लॅपटॉपवर वर्ग. त्यातून आत्मविश्वास आणि नेतृत्व वाढतं असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी विचारलं, किती किलोनं वाढतं? ती हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पहिल्या शनिवारी मी शेजारी शेंगा सोलत बसलो होतो. तिकडून नलिनी मॅडम नावाच्या बाई प्रत्येकाला आपापलं सॉफ्टवेअर सांगायला लावत होत्या. हिची पाळी आली. ही म्हणाली, आमच्या सरांचं सॉफ्टवेअर आहे, मी फक्त ते लिहिते. नलिनी मॅडमनी विचारलं की त्यातल्या किती ओळी सरांनी लिहिल्या आहेत. ही म्हणाली, एकही नाही. मॅडमनी पुढच्या शनिवारपर्यंतचा अभ्यास दिला: आठवडाभर 'फक्त' म्हणायचं नाही. घरच्या माणसानं मोजायचं.

मोजायला मी होतोच. तिनं 'फक्त' म्हटलं की वाटीत एक शेंगदाणा. पहिल्या दिवशी एक्केचाळीस झाले. "मी फक्त चहा ठेवते." एक. "मी फक्त विचारलं." दोन. शनिवारपर्यंत त्या दाण्यांची चटणी झाली आणि ती मीच खाल्ली. मी म्हटलं, तुझी फेलोशिप मला मानवली.

पुढच्या महिन्यांत असेच आणखी उद्योग झाले. मी चेष्टा करत राहिलो. ती करायचं ते करत राहिली.

सहाव्या महिन्यात मूक चाचणी आली. आपला प्रोग्राम कसा चालवायचा ते पायरीपायरीनं लिहून काढायचं, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही असा माणूस समोर बसवायचा, आणि त्या कागदावरून त्यानं प्रोग्राम चालवेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. तो चुकला तरी नाही, अडला तरी नाही. जिथं तो अडेल तिथं आपला कागद चुकला असं समजायचं. ओ की ठो न कळणारा माणूस शोधायला तिला घराबाहेर जावं लागलं नाही.

रविवारी जेवण झाल्यावर तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला, नऊ पायऱ्यांचा कागद ठेवला आणि दाढेखाली एक लवंग धरली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बोलायला तोंड उघडलं तर लवंग पडेल. तेवढं लक्षात राहील. आता मी गप्प. तुम्ही करा."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. हा उपाय आधी सुचला असता तर, असं मी म्हणून घेतलं. ती गप्प. चाचणी सुरू झाली होती.

चौथ्या पायरीवर लिहिलं होतं, 'डेटाची फाइल योग्य ठिकाणी ठेवा.' मी म्हटलं, योग्य म्हणजे कुठं? आमच्याकडे नट योग्य तेवढा आवळा असं लिहून चाललं असतं तर निम्म्या गाड्यांची चाकं घाटात राहिली असती. तिचा चेहरा लाल झाला. हात साडीच्या पदरात गुंडाळून बसली होती. मी ती फाइल तीन चुकीच्या ठिकाणी ठेवली. चौथ्यांदा जमलं. असं करत दीड तासानं मी सातव्या पायरीला पोचलो. पडद्यावर मेटकरवाडीच्या विहिरीची रेघ उमटली.

मी ती बघत बसलो. मला भूजल कळत नाही, पण सांगोल्याकडचं बालपण आहे, विहीर कळते. डिसेंबरात पाणी नऊ मीटरवर. फेब्रुवारीत तेरा. मार्चात सोळा. आणि एप्रिल-मेमध्ये रेघ एकदम सरळ वर, जमिनीपर्यंत. जुलैत पाऊस झाला की पुन्हा खाली, पंधरावर.

"अगं, ही विहीर मे महिन्यात काठोकाठ भरते आणि पाऊस पडला की आटते?" मी म्हटलं. "असली विहीर मलाही एक पाहिजे."

ती गप्प.

मी फाइल उघडून आकडे बघितले. एप्रिल शून्य, मे शून्य, जून शून्य. मला हसू आलं. मेटकरवाडीचा निरीक्षक बिरू मेटकरी माझ्या माहितीतला होता. मी म्हटलं, बिरूमामानं टेप सोडली, खाली दगड लागले. पाणी नाही. मग तो माणूस कार्डावर काय लिहिणार? शून्य लिहिणार. तुझा प्रोग्राम समजतोय की पाणी शून्य मीटर खोल आहे, म्हणजे विहीर भरून वाहतेय.

कडकन आवाज आला. तिची लवंग चावली गेली होती.

तरी ती बोलली नाही. आठवी पायरी, नववी पायरी मी पूर्ण करेपर्यंत तशीच बसली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

अकरा वर्षं जो कुणी अडला त्यानं हिला विचारलं होतं आणि हिनं त्या क्षणी उत्तर दिलं होतं. त्यामुळे आकडे उघडून बघायची वेळ कुणावर आलीच नव्हती. ती पहिल्यांदा दीड तास गप्प बसली, तेव्हा एका मेकॅनिकनं शून्य बघितलं.

आता या शून्यांचं पुढे काय झालं होतं ते ऐका. देवस्थळी सरांना दिल्लीत पदक मिळालं ते एका सिद्धांतासाठी. आमच्या जिल्ह्यातला काही खडक असा आहे की दुष्काळ जितका कडक तितका तो पोटातलं पाणी वर सोडतो, असा तो सिद्धांत. सरांनी आकडे दाखवले होते. दुष्काळाच्या सालात विहिरी भरलेल्या. त्याच गावांना तेव्हा टँकर चालू होते, पण टँकर हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. पुढे त्याच आकड्यांवरून सतरा गावं 'सुरक्षित' ठरली आणि विहीर पुनर्भरणाच्या, म्हणजे जमिनीत पाणी जिरवायच्या कामांच्या, यादीतून निघाली. मेटकरवाडी त्यात पहिली.

हे सगळं तिनं मला त्या संध्याकाळी सांगितलं. आवाज चढवला नाही. बुधवारी तिला केंद्रात एक सत्र घ्यायचं होतं, फेलोशिपचीच अट, सहकाऱ्यांना शिकवायचं. म्हणाली, तिथंच सांगणार.

मी म्हटलं, वेडी आहेस का. सहा वर्षं राहिलीत नोकरीची. अकरा वर्षं तुझं नाव कुठं लावलं नाही त्यांनी, ते बरंच झालं. ज्याचं पदक त्याची चूक. तू गुपचूप प्रोग्राम दुरुस्त कर आणि मोकळी हो.

"गुपचूप दुरुस्त होत नाही," ती म्हणाली. "कॅनॉलकडेच्या विहिरी पावसाळ्यात खरोखर काठोकाठ भरतात. तिथलं शून्य खरं आहे. कुठलं शून्य भरलेलं आणि कुठलं कोरडं, ते ज्यानं लिहिलं त्यालाच माहीत. त्याला जाऊन विचारावं लागेल. एकशे बारा विहिरींवर शून्य आहे. मी आज काढलं."

"तुला कुणी विचारलंय का पण?"

"नाही. म्हणून तर."

बुधवारच्या सत्राला तिनं बिरूमामालाही बोलावलं. मी मंगळवारी दुपारी वर्कशॉपातून बिरूला फोन केला आणि सांगितलं, उद्याचं रद्द झालंय, येऊ नका. हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या भल्यासाठीच करतोय असं मला वाटलं. असली कामं माणूस नेहमी दुसऱ्याच्या भल्यासाठीच करतो.

बुधवारी ती मला घेऊन गेली. मूक चाचणीचा माणूस म्हणून सर्वांना दाखवायचं होतं. सत्राला पाच जण अपेक्षित होते, सतरा आले, कारण नोटिशीत सामोसे लिहिले होते. देवस्थळी सर पहिल्या रांगेत बसले. सर सुरुवातीला चार शब्द बोलले. केंद्राच्या सॉफ्टवेअरचा प्रवास सांगितला, आपण ही कल्पना कशी मांडली ते सांगितलं, आणि हत्तुरे बाईंनी त्यात मोलाचं टायपिंग केलं असंही मोठ्या मनानं सांगितलं.

तेवढ्यात दार उघडून बिरूमामा आत आला. धोतर, पटका, हातात काठी आणि केंद्रानं दिलेली टेप. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा त्याचा आवाज.

"ताई, तुमच्या मालकांचा फोन आलता, येऊ नका म्हणून. पर म्या म्हटलं, ताईनं बोलवलंय तर ताईनंच नको म्हणावं. एस.टी. बी येळंवर घावली."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ती शांतपणे माझ्या खुर्चीपाशी आली, पर्समधून पुडी काढली आणि माझ्या तळहातावर एक लवंग ठेवली. मी ती दाढेखाली धरली.

मग तिनं मेटकरवाडीची रेघ भिंतीवर लावली आणि विचारलं, "सर, मे महिन्यात इथं शून्य आहे. शून्य म्हणजे काय?"

सर हसले. पहिलीच्या पोराला सांगावं तसं म्हणाले, शून्य खोली, म्हणजे पाणी जमिनीला लागलेलं. विहीर काठोकाठ.

"मामा, हे शून्य तुम्ही लिहिलंय. शून्य म्हणजे काय?"

"शून्य म्हंजी ठणठणीत कोरडी," बिरूमामा म्हणाला. "पाणीच न्हाई तर दुसरं काय लिहू? वैशाखात आमच्या हिरीत पोरं किरकेट खेळत्यात."

कुणीतरी मागं हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. कुडाळकर तेव्हा नवीनच लागले होते. ते हातातल्या सामोशाकडे बघत राहिले, जणू उत्तर त्यात आहे. सर उठले. त्यांना हिशेब लवकर कळला. माणूस हुशार, त्यात वाद नाही.

"म्हणजे हत्तुरे बाई," ते म्हणाले, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अकरा वर्षं चूक होती."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं, कारण केंद्राचं सॉफ्टवेअर बाईंचं झालं ती वेळ मला लक्षात ठेवायची होती. अकरा वर्षं जे नाव कुणाला आठवलं नाही ते चूक सापडल्याबरोबर तोंडपाठ आलं. माझ्या तोंडात बरंच काही आलं होतं. लवंग होती म्हणून सगळे वाचले.

मला वाटलं, ती आता म्हणेल, मी फक्त.

"हो सर," ती म्हणाली. "माझ्या सॉफ्टवेअरमध्ये. कोरड्या विहिरीसाठी वेगळी खूण मी ठेवायला हवी होती, ती ठेवली नाही. चूक माझी आहे. तसं इतिवृत्तात लिहून घ्या. सॉफ्टवेअर माझं आहे हेही त्याच वाक्यात लिहा. आणि माझं आहे तर दुरुस्त कसं करायचं तेही मीच ठरवणार. सतरा गावं यादीत परत घ्यावीत, असं पत्र मी लिहून आणलंय. आज तुमची सही लागेल."

तिनं पत्र पुढे केलं. सर म्हणाले, विचार करावा लागेल, समिती नेमावी लागेल. ती म्हणाली, नेमा सर, मी थांबते. आणि खरोखर पत्र हातात धरून तिथंच उभी राहिली. गप्प. नऊ पायऱ्या संपेपर्यंत गप्प बसायची सवय तिला झाली होती, सरांना नव्हती. सतरा माणसांपुढे शेवटी त्यांनी पेन काढलं.

समितीही नेमली. विहिरींना भेटी देण्यासाठी वाहनाची गरज आहे का, हे ठरवायला समितीनं एक उपसमिती नेमली. तिचा अहवाल अजून यायचा आहे. सरांचा सिद्धांत बुडाला नाही, त्याचं नाव बदललं. पुढच्या वर्षी त्यांनी नोंदींतल्या चुका कशा ओळखाव्यात यावर निबंध लिहिला आणि त्यात शशिकलाचं नाव तिसरं लागलं, तेही तिनं दोन पत्रं लिहिल्यावर. सतरापैकी अकरा गावांना पुनर्भरणाची कामं मिळाली. मेटकरवाडीला मिळालं. फेलोशिपचं प्रमाणपत्र आलं, त्यावर तिचं आडनाव चुकलं होतं. ते तिनं परत पाठवलं. आधीची शशिकला असती तर तसंच फ्रेम केलं असतं. पुढच्या साली नलिनी मॅडमनी तिच्याकडे चार नवीन मुली शिकायला दिल्या. त्या मुलींचा पहिला धडा लवंगांची पुडी आणण्याचा होता.

मी बिरूला केलेल्या फोनबद्दल तिनं मला कधीच विचारलं नाही. रविवार आला की म्हणायची, स्कूटर काढा. मी काढायचो. तेवढीच शिक्षा. आम्ही गावोगाव जायचो. ती जुनी कार्डं पुढे धरायची, निरीक्षक डोळे बारीक करून बघायचा आणि सांगायचा, हे कोरडं, हे भरलेलं, या साली माझी आई गेली म्हणून मी मोजलंच नाही, शून्य लिहिलं. प्रत्येक शून्यापुढे ती खूण करायची. मग कुणीतरी चहा द्यायचं. मधली दोन वर्षं कोरोनात गेली, पुढे तिचे गुडघे गेले. निरीक्षक सगळे म्हातारे. दोघांकडे आम्ही पोचलो ते दहाव्याला.

तर त्या दिवशी कुडाळकरांनी पासवर्ड विचारला. मी त्यांना सांगितलं की पासवर्ड लागत नाही. तिनं सगळं सर्वांसाठी उघडं ठेवलंय. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर नऊ पायऱ्यांचा कागद आहे, मराठीत. मी मेकॅनिक आहे आणि मला जमलं.

पाऊण तासानं पुन्हा फोन आला. आम्ही तिला घेऊन निघायच्या तयारीत होतो. कुडाळकर म्हणाले, काका, माफ करा, चौथ्या पायरीला अडलोय, तेवढं सांगता का.

चौथी पायरी मला पाठ होती. मी खिशात हात घातला. पुडी तिची होती, सकाळी तिच्या पर्समधून काढून घेतली होती, का ते सांगता येणार नाही. एक लवंग दाढेखाली धरली आणि फोन कानाला लावून गप्प उभा राहिलो. समोर ती बसली होती. तीही गप्प.

"काका? आहात ना?" कुडाळकर म्हणाले. मग त्यांचं टाइप करणं ऐकू आलं. मग पुटपुटणं. बऱ्याच वेळानं ते स्वतःशीच म्हणाले, "अच्छा, इथं ठेवायची होय." मी फोन ठेवला.

याला आता चौदा महिने झाले. एकशे बारापैकी एक्क्याऐंशी विहिरींच्या शून्यापुढे खूण झाली आहे. एकतीस राहिल्या आहेत. यादी आणि कार्डं स्कूटरच्या डिकीत आहेत. त्यातल्या एकाही विहिरीला मी अजून गेलेलो नाही.